क्रोम केलेल्या बंपरवर त्याच जागी पुन्हा गंजाचे ठिपके का येतात, आणि ते कसे थांबवायचे

जुन्या गाडीचा बंपर नव्यानं क्रोम करून आणला, दिवाळीत लखलखत होता, आणि पुढचा पावसाळा संपायच्या आत पूर्वी जिथं खड्डे होते नेमक्या तिथंच तपकिरी ठिपके. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर, फियाट ११००, मॉरिस मायनर, ज्यांच्याकडे पोलादी पत्र्याचे बंपर असलेली गाडी आहे त्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी इथल्या खाऱ्या हवेत ती लवकर येते, पुण्या-नाशिकला जरा उशिरा. मालक म्हणतो क्रोम हलकं मारलं, प्लेटिंगवाला म्हणतो हवा खराब. बहुतेक वेळा खरी चूक क्रोमच्या हौदापर्यंत (ज्या द्रावणात बुडवून वीज देऊन थर चढवतात तिथपर्यंत) पोहोचण्याच्या कितीतरी आधी, घासकामाच्या टेबलावर झालेली असते.

आधी थर समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्याला आपण क्रोम म्हणतो तो वरचा निळसर थर जेमतेम ०.२५ ते ०.५ मायक्रॉन असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो काहीही भरत नाही, काहीही झाकत नाही. फक्त रंग आणि कठीणपणा देतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतातच. पाण्याला अडवणारा खरा थर निकेलचा, आणि चांगल्या कामात तो ३० ते ४० मायक्रॉन असतो. त्याखाली तांबं.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. निकेलचं उलटं आहे. निकेल शाबूत राहतं आणि लोखंड झिजतं. निकेलला एक सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं आणि त्यातून पाणी लोखंडापर्यंत गेलं, की सबंध बंपरभर पसरलेलं निकेल एका बाजूला आणि तो एक बारीक ठिपका दुसऱ्या बाजूला, अशी विद्युत-रासायनिक जोडी जमते. सगळी झीज त्या एका ठिपक्यावर एकवटते. म्हणून क्रोमखालचे खड्डे पसरट नसतात, अरुंद आणि खोल असतात, तोंड लहान आणि पोट मोठं. दुरुस्तीतली सगळी अडचण या आकारातच आहे.

बिघाड कुठे झाला, ते बंपरच सांगतो

बंपर पुन्हा सोलायला, म्हणजे जुने थर उतरवायला देण्याआधी भिंगातून नीट पाहा. सोनारांकडचं १० पटीचं भिंग पुरतं.

तपकिरी ठिपका बोटानं पुसला जातो, खाली क्रोम चकचकीत दिसतं आणि पाऊस पडला की ठिपका परत येतो, तर छिद्र थेट लोखंडापर्यंत गेलेलं आहे. असे ठिपके सगळीकडे सारख्या अंतरावर असतील तर निकेल पातळ. जुन्या खड्ड्यांच्या जागीच असतील तर खड्ड्याच्या तळाशी गंज राहिला होता.

पापुद्रा सुटत असेल तर तो फेकू नका, उलटा करून पाहा. पापुद्र्याची खालची बाजू तांबूस आणि बंपरवर उघडं लोखंड दिसत असेल, तर तांबं लोखंडाला धरलंच नव्हतं. खालची बाजू निकेलसारखी पांढरट-पिवळसर आणि बंपरवर तांबं उघडं पडलं असेल, तर तांब्याच्या बफिंगनंतरचं मेण पूर्ण निघालं नव्हतं. फक्त अतिपातळ निळसर टिकल्या उडत असतील आणि खाली निकेल शाबूत असेल, तर निकेल आणि क्रोम यांच्यामध्ये बंपर वाळला किंवा वीज तुटली.

बंपर नवा आल्या दिवशीच खड्डे दिसत असतील, ते गोल, गुळगुळीत असतील आणि त्यांना एका बाजूला बारीक शेपटी असेल, तर तो गंज नव्हे. निकेलच्या हौदात हायड्रोजनचा बुडबुडा पृष्ठभागाला चिकटून राहिला आणि त्याच्याभोवती धातू बसत गेला. तो दोष सर्वस्वी हौदाचा, घासकामाचा नाही.

आणखी एक तपासणी करता येते. लिटरभर पाण्यात सुमारे १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि तेवढंच मीठ विरघळवा, गाळणकागद त्यात भिजवून बंपरवर १० मिनिटं चिकटवून ठेवा. जिथं लोखंडापर्यंत छिद्र आहे तिथं कागदावर गडद निळा ठिपका उमटतो. हातमोजे घाला आणि हे द्रावण आम्लाजवळ नेऊ नका. नवा बंपर ताब्यात घेतानाही ही परीक्षा करता येते, नंतर साध्या पाण्यानं स्वच्छ धुवायचं एवढंच.

सोलणं

जुनं क्रोम आणि निकेल अंगावर असताना खड्डे घासायला बसणं म्हणजे वेळ वाया. निकेल पोलादापेक्षा वेगळ्या वेगानं घासलं जातं, कडेचं निकेल उभं राहतं आणि मधलं लोखंड खाली जातं. शिवाय अशा थरावर वेल्डिंग केलं तर क्रोम-निकेलचा विषारी धूर निघतो आणि टाकाही सच्छिद्र होतो. आधी पूर्ण सोला.

क्रोम पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटांत उतरतं. निकेल प्लेटिंगवाला तीव्र सल्फ्युरिक आम्लात उलट विद्युतप्रवाह देऊन काढतो. या दुसऱ्या हौदात बंपर पूर्ण कोरडा जायला हवा. ओला बंपर घातला, हौदात पाणी वाढलं, की आम्ल निकेल संपल्यावर थांबत नाही, लोखंडही खायला लागतं. सोलून आलेल्या बंपरवर पूर्वी नव्हते असे बारीक, दाट खड्डे दिसले तर हेच झालेलं असतं. ही दोन्ही कामं घरी करू नका. वाफा फुप्फुसाला घातक आहेत, आणि क्रोम उतरलेलं पाणी गटारात सोडणं गुन्हा तर आहेच, शेजारच्या विहिरीचाही घात आहे.

सोलून आल्यावर बंपर काळपट दिसतो. तो आधी पाण्यानं, मग धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात, लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात, २० मिनिटं आणि शेवटी साध्या गरम पाण्यानं धुवा. पुसून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी ज्या खड्ड्याभोवती पिवळी कड उमटलेली दिसेल, त्याच्या पोटात आम्ल अजून आहे. ही पायरी लोक हमखास गाळतात. अडकलेलं आम्ल नव्या प्लेटिंगखाली काम करत राहतं आणि काही आठवड्यांनी फोड आणतं.

खड्डा उघडणं

या कामातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. खड्ड्याचं पोट रुंद आणि तोंड अरुंद असेपर्यंत त्यात काहीही भरून उपयोग नाही. तांब्याच्या हौदात विद्युतप्रवाह खड्ड्याच्या काठावर जास्त आणि तळाशी कमी असतो. काठावरचा धातू वाढत वाढत तोंड बंद करतो, आत पोकळी राहते, आणि त्या पोकळीत हौदातलं द्रावण कोंडलं जातं. वरून सगळं सपाट दिसतं.

३ मिलिमीटरचा गोल डोक्याचा कार्बाइड बर (धातू कोरणारं छोटं टोक) डाय ग्राइंडरला, म्हणजे हातात धरायच्या लहान ग्राइंडरला लावा आणि प्रत्येक खड्डा उथळ वाटीसारखा करा: खोलीच्या निदान पाचपट रुंद, कडा उतरत्या, तळ चकचकीत. काळा ठिपका राहिला तर आणखी आत जा. सँडब्लास्टिंग करायचं असेल तर बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, १२० ते १८० मेशचं, आणि दाब ४० ते ६० पीएसआय एवढाच. जास्त दाबानं पत्रा पोट काढतो. काचेच्या मण्यांचा मारा या टप्प्यावर नको. तो खड्ड्याचा काठ ठोकून आत वळवतो आणि गंजाला झाकण बसतं.

आता मोरचुदाची परीक्षा. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम मोरचूद आणि सल्फ्युरिक आम्लाचे अगदी थोडे थेंब. बंपर तेलकटपणा काढून स्वच्छ धुतलेला हवा. हे पाणी ब्रशनं लावा आणि सुमारे २० सेकंद थांबा. स्वच्छ लोखंडावर लगेच गुलाबी तांबं चढतं. ज्या खड्ड्याच्या तळाशी गंज किंवा तेल आहे तिथं काळा ठिपका तसाच राहतो, आणि गुलाबी पृष्ठभागावर तो इतका उठून दिसतो की भिंगही लागत नाही. खडूनं खूण करा, पुन्हा बर चालवा, पुन्हा परीक्षा घ्या. एकही काळा ठिपका नाही असं दिसेपर्यंत पुढं जायचं नाही. मात्र हे गुलाबी तांबं लोखंडाला धरून नसतं. त्यावर प्लेटिंग केलं तर सगळं सोलून निघेल. परीक्षा संपली की ते १२० नंबरच्या पेपरनं पूर्ण घासून काढायचं.

किती खोल, त्यावर इलाज

उघडलेल्या खड्ड्याची खोली डायल डेप्थ गेजनं मोजा. बोल्टच्या भोकाच्या कडेला कॅलिपर लावून पत्र्याची जाडीही मोजून ठेवा. घासून घासून पत्रा १.२ मिलिमीटरच्या खाली गेला तर बंपर हातानं दबतो, आणि चमकदार निकेल ठिसूळ असल्यामुळे दबल्यावर त्याला भेगा पडतात.

०.१ मिलिमीटरपर्यंतचे खड्डे घासून काढा. फक्त खड्ड्यावर ग्राइंडर धरला तर तिथं खळगा पडतो, जो कच्च्या पत्र्यावर दिसत नाही आणि क्रोम झाल्यावर लांबून दिसतो. भोवतीच्या ४-५ सेंटिमीटरात उतार मिसळत न्या.

०.१ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर तांब्याचं भरण. इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे, की तांबं खड्ड्यात आपोआप भरतं. चांगल्या आम्लयुक्त तांब्याच्या हौदात बारीक ओरखडे सपाट होतात हे खरं, पण उघडलेल्या खड्ड्याच्या तळावर आणि भोवतीच्या पृष्ठभागावर थर साधारण सारखाच चढतो. सपाटी येते ती त्यानंतरच्या घासण्यानं: वरचं तांबं उतरतं, खड्ड्यातलं राहतं. म्हणजे ०.१५ चा खड्डा भरायचा तर सगळीकडे ०.१५ पेक्षा जास्त तांबं चढवावं लागतं. दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर दिले तर तासाला ५३ मायक्रॉन चढतं, म्हणजे तीन तास केवळ हौदात. हे काम दोन फेऱ्यांत करा, मध्ये ३२० नंबरनं घासून. आणि पोलाद थेट आम्लयुक्त तांब्यात कधीच जाऊ देऊ नका. तिथं मोरचुदाच्या परीक्षेसारखंच न धरणारं तांबं बसतं. आधी सायनाइड तांब्याचा किंवा निकेलचा पातळ स्ट्राइक, म्हणजे लोखंडाला घट्ट धरणारा पहिला थर हवा. पापुद्रा उलटा करून पाहिल्यावर तांबूस दिसतो, त्याचं कारण बहुधा हेच.

त्याहून खोल, पण सुटे सुटे खड्डे असतील तर चांदीचा झाळ. ४५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली कांडी घ्या. ती साधारण ६५० अंशांच्या आसपास वितळते. ज्योत लहान ठेवा, एका जागी सलग काम करू नका. डावीकडे एक, मग उजवीकडे एक, नाहीतर बंपर पीळ खातो. फ्लक्स राहिला तर तिथं फोड येणार हे नक्की, म्हणून गरम पाण्यात भिजवून तारेच्या ब्रशनं सगळा काढा. साधा शिसे-कथिलाचा झाळ मात्र टाळा. प्लेटिंगच्या आधी बंपर सल्फ्युरिक आम्लात बुडवतात, त्यात शिशावर थर धरतो आणि तांबं त्याला चिकटत नाही. बॉडी फिलर किंवा एपॉक्सीचा तर प्रश्नच नाही, त्यातून वीज जात नाही.

आरपार भोकं असतील तर टिग वेल्डिंग (यात कांडी हातानं वेगळी भरतात). मागची बाजू भोकाभोवती दोन बोटं उघड्या धातूपर्यंत साफ करा, मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा, १.६ मिलिमीटरची ईआर ७० एस-२ कांडी वापरा आणि अँपिअर कमीत कमी ठेवा. मिगचा, म्हणजे यंत्रातून आपोआप येणाऱ्या तारेच्या वेल्डिंगचा टाका कठीण होतो. घासताना तो उभा राहतो आणि बाजूचा मऊ पत्रा खाली जातो, म्हणून बंपरला टिगच बरं. घासल्यावर टाक्यात बारीक छिद्रं दिसली तर मागचा गंज वितळून आत आलाय. त्यावर पुन्हा टाका चढवून भागत नाही, खरवडून काढून नव्यानं भरावं लागतं.

जाळी झालेला, दर सेंटिमीटरला भोक असलेला बंपर दुरुस्त करू नये. त्याच घडणीचा दुसरा जुना बंपर शोधणं स्वस्त पडतं. पण पत्रा जाड आणि आकार शाबूत असेल तर कारखान्यातला मूळ बंपरच वाचवा. बाजारातल्या पातळ पत्र्याच्या नकलेची घडी आणि कडेचा वळसा जागेवर बसत नाही.

घासण्याचा क्रम, आणि बफनं होणारी फसवणूक

८० ची फ्लॅप डिस्क, मग १२०, १८०, २४०, ३२०. प्रत्येक नंबरला दिशा बदला, आधीचे ओरखडे आडवे दिसेनासे झाल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. पत्रा निळा पडला तर थांबा, ताप जास्त झाला.

३२० झाल्यावर, बफ लावण्याच्या आधी, भिंगानं सबंध बंपर पाहून घ्या. बफ धातूला ओढतो. बारीक छिद्राच्या तोंडावर धातूची साय ओढली जाते आणि छिद्र नाहीसं झालेलं दिसतं. प्लेटिंगपूर्वीच्या आम्लात बुडवलं की ती साय विरते आणि छिद्र पुन्हा उघडं पडतं, तेही बफच्या मेणासह. ‘देताना तर एकदम साफ होता’ ही तक्रार इथून येते, आणि त्यात कोणी खोटं बोलत नसतं. तपासणी झाल्यावर सायसल बफनं कट, मग सुती बफनं चमक. ट्यूबलाइटखाली बंपर आडवा धरून प्रकाशाची रेघ एका टोकाकडून दुसरीकडे सरकवा. रेघ जिथं लचकते तिथं खळगा आहे.

प्लेटिंगवाल्याशी मिनिटं आणि अँपिअरमध्ये बोला

‘चांगलं जाड निकेल मारा’ या वाक्याला काही अर्थ नाही. हिशोब असा करा. पद्मिनीच्या आकाराचा बंपर वळशांसह समजा १५० सेंटिमीटर लांब आणि उलगडून १८ सेंटिमीटर रुंद. एका बाजूचं क्षेत्रफळ २७ चौरस डेसिमीटर, दोन्ही बाजूंचं ५४. चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर या हिशोबानं सुमारे २१५ अँपिअर लागतात, आणि त्या प्रवाहाला निकेल मिनिटाला अंदाजे ०.८ मायक्रॉन चढतं. ३० मायक्रॉनला जवळपास ४० मिनिटं.

दुकानातला रेक्टिफायर (हौदाला वीज पुरवणारं यंत्र) १०० अँपिअरचा असेल तर त्याच बंपरवर मिनिटाला ०.३६ मायक्रॉनच चढेल. दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या बंपरवर साडेतीन मायक्रॉन निकेल असतं. तो चमकतो तितकाच, टिकत नाही. ३० मायक्रॉनसाठी याच रेक्टिफायरवर जवळपास दीड तास द्यावा लागेल, आणि तेवढ्या वेळाचे पैसे मोजायला तयार राहा. प्लेटिंगवाल्यानं योग्य दर मागितला तर घासाघीस करू नका. तो दर निकेलचाच आहे.

त्याहून चांगलं म्हणजे दोन थरांचं निकेल. आधी गंधक नसलेलं अर्धचमकदार निकेल, एकूण जाडीच्या निदान ६० टक्के, आणि वर चमकदार. वरच्या थरात गंधक असल्यामुळे तो आधी झिजतो, आणि झीज खाली लोखंडाकडे जाण्याऐवजी आडवी पसरते. किनारपट्टीवरच्या गाडीला हेच मागा, दुकानात सोय नसेल तर दुसरं दुकान पाहा.

जाडी तपासायला रंगाच्या थराची जाडी मोजणारं मीटर चालत नाही. निकेल स्वतःच चुंबकाला ओढलं जातं, त्यामुळे आकडा भलताच येतो. शंका असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत क्ष-किरण पद्धतीनं मोजून मिळतं.

आणखी दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. आतल्या वळणात आणि नंबरप्लेटच्या खोलगट भागात थर सर्वात पातळ बसतो, तिथं जादा अ‍ॅनोड (हौदातली धन टोकाची पट्टी) लावायला सांगा. आणि निकेलवर बफ फिरवू देऊ नका. कडेवर दोन सेकंद जास्त धरला की ३० मायक्रॉन उडून जातात, आणि ते कोणालाच कळत नाही. पृष्ठभाग तांब्याच्या टप्प्यालाच निर्दोष करायचा. तांब्यानंतर मेण पूर्ण धुतलंय का, हे पाण्यानं कळतं: बंपरवर पाणी ओता, ३० सेकंद पाण्याचा पडदा अखंड राहिला पाहिजे. कुठंही थेंब गोळा झाला तर पुन्हा धुवा. निकेलमधून बंपर धुऊन ओला असतानाच क्रोमच्या हौदात गेला पाहिजे, तिथं ३ ते ५ मिनिटं पुरतात.

बसवण्याआधी मागची बाजू

बंपरच्या मागच्या बाजूला निकेल नावापुरतं चढतं, आणि चिखल-मीठ साचतं तेही तिथंच. मागून सुरू झालेला गंज बोल्टच्या भोकातून आणि खालच्या कडेवरून समोर येतो. लोक त्याला क्रोमचा दोष समजतात. समोरचा भाग झाकून घ्या, मागे २४० नंबरनं खरवडा, एपॉक्सी प्रायमर आणि वर अ‍ॅल्युमिनियम रंगाचे दोन हात द्या. भोकांच्या कडा ब्रशनं वेगळ्या रंगवा, स्प्रे तिथं नीट पोहोचत नाही. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला आणि भोकात ग्रीस भरा.

समुद्राकाठून आल्यावर साध्या पाण्यानं समोरून आणि मागूनही धुवा, महिन्यातून एकदा मेण लावा. तरी एखादा तपकिरी ठिपका आलाच तर तारेचा चोथा लावू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा, गंज निघेल. लगेच पुसून, वाळवून मेण दाबून भरा. ठिपका एकटाच असेल तर अशानं तो दर महिन्याला आटोक्यात ठेवता येतो. त्याच्या शेजारी दुसरा-तिसरा दिसायला लागला, की पावसाळ्याआधी बंपर उतरवून सोलायला द्यायचा, कारण तोवर खड्डा उथळ असतो आणि घासून निघतो.